बाबांची फार्गो, तीन ब्लॉक आणि एक चौथा

पत्र लांब होतं, त्याचा गोषवारा असा. डोंबिवलीच्या एक वाचक, वय 43, विमा कंपनीत नोकरी. वडिलांची 1971 सालची फार्गो, म्हणजे मालट्रक, पडघ्याजवळ चुलत्यांच्या आवारात 2009 पासून उभी आहे. इंजिन पर्किन्स 6.354. वडील याच गाडीने नाशिककडचा कांदा कसारा घाट उतरून मुंबईला आणत. येत्या माघात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्या दिवशी चालू गाडी दारात आणून उभी करायची आणि तोवर बाबांना काही कळू द्यायचं नाही, असा बेत आहे. गाडी बंद पडली तेव्हा ऑइल दुधाळ झालं होतं आणि मिस्त्रींनी "ब्लॉक फुटलाय" म्हणून सांगितलं होतं, म्हणून आता जुना ब्लॉक, म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा ओतीव लोखंडी मुख्य भाग, शोधणं चाललंय. तीन सापडलेत. पहिला कुर्ल्याला सीएसटी रोडवर : धुतलेला, रंग मारलेला, नुसता ब्लॉक, "बोअर स्टँडर्ड आहे मॅडम, डोळे मिटून घ्या", 38 हजार. दुसरा दारूखान्यात : बोटीतून उतरवलेलं पूर्ण इंजिन, हाताने फिरतंय, 60 हजार. तिसरा सिन्नरजवळच्या एका शेडमध्ये : कंप्रेसरवरचं हाफ इंजिन, म्हणजे हेडशिवायचं, जाम झालेलं, वरून गंजलेलं, 22 हजार, मालकाकडे मूळ बिल. मिस्त्री म्हणतात कुर्ल्याचा घ्या. धाकटा भाऊ म्हणतो गाडी भंगारात द्या. बाईंचा प्रश्न एवढाच : यातला कोणता घेऊ?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "हेड उघडलं नव्हतं, पण मिस्त्रींना चाळीस वर्षांचा अनुभव होता." ताई, चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूससुद्धा डिपस्टिक बघून ब्लॉक फुटलाय हे सांगू शकत नाही. ऑइलमध्ये पाणी आलंय, एवढंच तो सांगू शकतो. पाणी येण्याच्या वाटा चार-पाच असतात. हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, आणि ब्लॉक यांच्यामधलं गॅस्केट जळालेलं असेल, हेडला व्हॉल्व्हच्या सीटपाशी तडा असेल, ऑइल कूलर लावलेला असेल तर तो आतून गळत असेल. ब्लॉकचा नंबर या रांगेत शेवटून लागतो. 2009 मध्ये तुमच्या घरी कुणाला इंजिन उघडायचा खर्च करायचा नव्हता, मिस्त्रींनाही ते जाणवलं असेल, आणि "ब्लॉक गेला" म्हटलं की विषय संपतो. गॅरेजमध्ये हे वाक्य असं सोयीसाठी फार वेळा वापरलं जातं. मी स्वतः वापरलंय.

म्हणजे तुमच्यापुढे तीन ब्लॉक नाहीत, चार आहेत. चौथा गाडीतच आहे आणि त्याची तपासणी आजवर कुणी केलेली नाही. तो चांगलाच निघेल असं मी म्हणत नाही. पाणीमिश्रित ऑइल घेऊन इंजिन इतकी वर्षं बसून राहिलं, तर बेअरिंगवर आणि क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, गंजाचे चट्टे असणार, पिस्टन लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरलेले असणार. पण ती सगळी बदलता येणारी किंवा घासून घेता येणारी कामं आहेत. क्रँक घासता येतो, लायनर काढता येतात, बेअरिंग नवी मिळतात. ब्लॉकचं तसं नाही, म्हणून निकाल त्याचाच आधी लावायचा.

इथे तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे येतो. तुम्ही ब्लॉक निवडताय तो बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, बघून. कुर्ल्याचा चकचकीत म्हणून पुढे, सिन्नरचा गंजका म्हणून मागे. इंजिनाच्या बाबतीत हे नेमकं उलटं पडतं. 6.354 म्हणजे सहा सिलिंडर आणि 354 घनइंच, साधारण 5.8 लिटर, बोअर 98.4 मिमी, स्ट्रोक 127 मिमी. या इंजिनाला ड्राय लायनर असतात, म्हणजे पिस्टन घासतो तो लायनरवर, ब्लॉकच्या ओतीव लोखंडावर नाही. लायनर-पिस्टनचा सेट बाजारात मिळतो. मग दुकानदार टॉर्च मारून बोअरची चकाकी दाखवतो, ती चकाकी घेऊन करायचं काय? ती तुम्ही दाबून काढून फेकूनच देणार आहात. घर घेताना भिंतीचा रंग बघावा तसंच हे.

बघायचं ते वेगळं. जे पैसे टाकून परत मिळत नाही ते बघायचं. मेन बेअरिंगची घरं आणि त्यांच्या कॅप, मेन बेअरिंगच्या आडव्या भिंती, दोन सिलिंडरमधली जागा, वरचा पृष्ठभाग, स्टडची भोकं, लायनरची कॉलर बसते त्या खाचा, आणि पाण्याच्या जॅकेटची, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी खेळतं त्या पोकळीची, भिंत.

कॅपचं जरा सविस्तर सांगतो, कारण कुर्ल्याचा ब्लॉक तिथेच बाद होतो. या इंजिनाला सात मेन बेअरिंग, क्रँक त्यांच्यात फिरतो. प्रत्येकाचं घर अर्धं ब्लॉकमध्ये आणि अर्धं कॅपमध्ये असतं. कारखान्यात कॅप ब्लॉकवर कसून मग एका सरळ रेषेत बोअर मारतात. म्हणजे कॅप हा सुटा भाग दिसतो, पण तो त्याच ब्लॉकचा तुकडा आहे. त्यावर नंबर असतात ते याचसाठी. तीन नंबरची कॅप पाचवर लावली तरी क्रँक अडकतो. तुम्ही लिहिलंय की कुर्ल्याचा ब्लॉक "नुसता" आहे आणि कॅप "दुसऱ्या इंजिनाच्या देतो" असं दुकानदार म्हणाला. दुसऱ्या इंजिनाच्या कॅप लावल्या की सातही घरं पुन्हा लाइन बोअर करावी लागतात. ते काम नीट करणारी शॉप आता मोजकीच आहेत आणि ते स्वस्त नाही. कॅपशिवाय ब्लॉक म्हणजे झाकणाशिवाय कुकर. कितीही घासूनपुसून ठेवलेला असो, त्यात भात शिजत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही सहज म्हणून लिहून गेलात : इंजिन नंबरची जागा "अगदी गुळगुळीत" आहे. ताई, पन्नास वर्षांच्या ओतीव लोखंडावर गुळगुळीत जागा आपोआप होत नाही. तिथला नंबर ग्राइंडर मारून घालवलाय. "तुमचा आरसीवरचा नंबर पंच करून देतो" असंही तो पुढे सांगेल, कदाचित मदत म्हणून. नको म्हणा. तो ब्लॉक चोरीच्या गाडीतला असेलच असं नाही, पण नसल्याचा पुरावाही तुमच्याकडे नसेल, आणि नंबर पंच करून घेतला की तुम्हीही त्यात आलात. सीएसटी रोडवर सरळ धंदा करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं माल घेतलाय. सरळ माणूस बिल देतो आणि नंबर असलेला ब्लॉक देतो.

दारूखान्याच्या इंजिनाचा मोह मला कळतो. हाताने फिरतंय, पंप आहे, हेड आहे, सगळं एकत्र. पण ते बोटीतलं आहे. बोटीतल्या इंजिनाला पाणी दोन प्रकारे देतात. एकात हीट एक्स्चेंजर असतो : इंजिनात गोडं पाणी फिरतं आणि समुद्राचं पाणी बाहेरच्या बाहेर त्याला गार करून जातं. दुसऱ्यात खारं पाणी थेट ब्लॉकमधून फिरवतात. पहिल्या प्रकारचा ब्लॉक चांगला निघू शकतो. दुसऱ्या प्रकारचा मी फुकट मिळाला तरी घेणार नाही. खाऱ्या पाण्याने ओतीव लोखंडाची एक विचित्र गत होते. त्यातलं लोखंड विरघळून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा मागे राहतो. आकार तोच, जाडी तीच, बघून काही कळत नाही. सुरीचं टोक लावा, पेन्सिलीच्या शिशासारखं काळं खरवडून निघतं. अशी भिंत दाबाखाली कधी फुटेल याचा भरवसा नाही. म्हणून दारूखान्यात गेलात तर वेल्च प्लग, म्हणजे जॅकेटच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टिकल्या, काढून आत सुरीने खरवडून बघू देतो का, एवढं विचारा. नाही म्हणाला तर परत फिरा.

आणखी एक. हे इंजिन फक्त ट्रकसाठी बनत नव्हतं. बोटी, कंप्रेसर, जनरेटर, शेतीची यंत्रं, सगळीकडे ते बसलं. पर्किन्सने त्याची आडवी झोपवलेली आवृत्तीसुद्धा काढली होती. त्यामुळे "6.354 आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. फ्लायव्हील हाउसिंगची भोकं, इंजिन माउंटिंगच्या जागा, स्टार्टरची बाजू, ऑइल चेंबरचा आकार आणि फिल्टरची जागा तुमच्या गाडीतल्या ब्लॉकशी जुळते का, ते बघा. त्यासाठी आपल्या ब्लॉकचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. हाउसिंगच्या भोकांचा पुठ्ठ्यावर छाप काढा आणि तो पुठ्ठा बरोबर न्या. शिंपी मापाचा जुना सदरा मागतो तसं.

राहिला सिन्नरचा. जाम आहे, गंजलाय, आणि मला तिघांत तोच आवडला. कंप्रेसरवरचं इंजिन एका जागी बसून बऱ्यापैकी एकाच वेगाने चालतं. घाटात चढावर दम खाऊन तापण्याचा प्रसंग त्याला कमी येतो. सातही कॅप जागेवर आहेत. नंबर वाचता येतो. बिल आहे. बाहेरचा गंज तारेच्या ब्रशने जातो. पिस्टन धरलेत, ते लायनरसकट जायचेच आहेत. माझी काळजी आत आहे : अशा कामाच्या जागी रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी ओतत. थंड मुलखात ब्लॉक फुटतो तो आत पाणी गोठून. आपल्याकडे गोठत काही नाही, आपल्याकडे क्षार बसतात. जॅकेटमध्ये, विशेषतः मागच्या बाजूला पाच आणि सहा नंबरच्या सिलिंडरभोवती, क्षार आणि गंजाचा लगदा साचून विटेसारखा घट्ट होतो. तिथे पाणी पोचत नाही, लोखंड तापतं, आणि मग तडा. सिन्नरला गेलात तर सगळ्यात मागचा वेल्च प्लग काढायला सांगा. आत बोट घाला. मऊ चिखल लागला तर ठीक, धुऊन जाईल. दगड लागला तर किंमत पाडा आणि तपासणीशिवाय एक रुपयाही पूर्ण देऊ नका.

आता तपासणी, आणि तिचा क्रम. हा क्रम मी एकदा चुकवलाय, म्हणून सांगतो. आमच्या शॉपमध्ये एक लाल रंग मारलेला ब्लॉक आला होता. दिसायला देखणा. मी पट्टी लावली, मापं घेतली, आणि मालक घाई करत होता म्हणून सरळ लायनर बसवले, वरचा पृष्ठभाग कापला, होनिंग केलं. शेवटी प्रेशर टेस्टला लावला तर चार नंबरच्या खाली बुडबुडे. रंग खरवडला, आत एपॉक्सी भरलेली. सगळी मजुरी पाण्यात गेली, आणि चूक माझीच होती, कारण टेस्ट आधी करायची असते. तेव्हापासून रंगवलेला ब्लॉक दिसला की मला आधी रंगाचंच कारण विचारावंसं वाटतं.

तर पहिली धुलाई. सगळे वेल्च प्लग आणि ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे, स्क्रू काढून कॉस्टिकच्या गरम टाकीत. बरेच जण गॅलरीचे स्क्रू काढत नाहीत, कारण ते निघता निघत नाहीत. पण जुना मळ तिथेच असतो, आणि तो नव्या बेअरिंगमध्ये जातो. धुतल्यावर क्रॅक टेस्ट. शॉपमध्ये चुंबक लावून लोखंडाची पूड टाकतात. तडा असेल तिथे पुडीची रेघ उमटते. डाय पेनिट्रंटचा स्प्रेही चालतो. मग प्रेशर टेस्ट : पाण्याच्या सगळ्या वाटा बंद करून, ब्लॉक गरम पाण्यात बुडवून दोन-अडीच किलोची हवा. गरम पाणी महत्त्वाचं, कारण काही तडे तापल्यावरच तोंड उघडतात. एवढ्यात पास झाला तरच मापांना हात लावायचा.

मापांत मेन बेअरिंगची घरं आधी. कॅप टॉर्कने कसून प्रत्येक घर उभं-आडवं मोजा. कुठल्या घरात निळी झाक दिसली तर तिथे बेअरिंग फिरलेलं आहे, घर तापलेलं आहे. वरच्या पृष्ठभागावर पट्टी तिरकी, आडवी, लांबीला धरून खाली फिलर गेज, म्हणजे मापाच्या पातळ पात्या, घाला; चार थाउची, म्हणजे 0.1 मिमीची पाती कुठेही आत गेली तर पृष्ठभाग कापावा लागेल. पण डिझेलमध्ये कापायला मोकळीक थोडी. या इंजिनाचं कॉम्प्रेशन 16 ला 1, पिस्टन आधीच वरच्या पृष्ठभागाशी लगटून येतो. आधी कुणी कापलेला असेल तर तुमच्या वाट्याला काहीच उरत नाही. म्हणून ब्लॉकची उंची मोजून घ्या आणि आपल्या गाडीतल्या ब्लॉकशी ताडून बघा. लायनर काढल्यावर मूळ बोअर आणि कॉलरच्या खाचा. खाच झिजली असेल तर लायनर खाली बसतो आणि गॅस्केट पुन्हा पुन्हा जळतं. लोक गॅस्केट बदलत राहतात. स्टडचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, घालता येतं, त्यासाठी ब्लॉक बाद करू नका.

तडा निघालाच तर? कुठे आहे त्यावर सगळं. जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीवरचा तडा मेटल स्टिचिंगने चांगला शिवता येतो. तड्याच्या रेघेवर ओळीने भोकं पाडून, आटे पाडून, स्क्रू बसवत जातात. वेल्डिंगपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं, कारण ओतीव लोखंड नीट तापवल्याशिवाय वेल्ड केलं की शेजारी नवा तडा जातो. तडा मेन बेअरिंगच्या भिंतीत असेल तर मात्र तो ब्लॉक भंगाराच्या काट्यावर घाला. तिथे शिवणकाम चालत नाही.

शॉपला नेण्याआधी घरच्या घरी करण्यासारखं एक काम आहे आणि ते तुम्ही स्वतः करू शकता. धुतलेल्या, कोरड्या ब्लॉकला संशयाच्या जागी रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने अगदी स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड फिरवा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ दिसते. आमच्या उस्तादांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. दुसरी होती आवाजाची : ब्लॉक चेन पुलीवर टांगून हातोडीने हलकेच वाजवायचा. निरोगी लोखंड घंटेसारखं घुमतं, फुटलेलं बद वाजतं. त्यावर एकट्यावर निकाल देऊ नका, पण बद वाजला तर खडू नक्की काढा.

सौदा करताना लाजू नका. टोकन द्या, बिलावर लिहून घ्या : "क्रॅक टेस्ट व प्रेशर टेस्टमध्ये नापास झाल्यास माल परत, टोकन परत." टेस्टचा खर्च तुम्ही करा, वाहतूकही तुमची. एवढं मान्य न करणाऱ्याला त्याच्या मालाबद्दल आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. बिलावर इंजिन नंबर हवा, आणि ज्या गाडीतून किंवा यंत्रातून तो काढला तिचा कागद मिळाला तर उत्तम. "मॅडम, तुम्हाला यातलं काय कळणार" असा सूर तीनही ठिकाणी लागल्याचं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी पिशवीतून फिलर गेज काढून काउंटरवर ठेवा. फार काही बोलावं लागत नाही.

कागदांचं आता. तुमची समजूत अशी दिसते की गाडी पन्नास वर्षांपुढची, म्हणजे व्हिंटेज नोंदणी होऊन जाईल. 2021 च्या जुलैमध्ये केंद्राने त्यासाठी नियम केले हे खरं. नंबरात "व्हीए" येतो, नव्या नोंदणीला 20 हजार फी आहे. पण ते नियम व्यापारी वापर नसलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, आणि तुमची गाडी सहा चाकांची मालवाहू. शिवाय चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी त्यात अट आहे. तेव्हा ब्लॉक घेण्याआधी आरसी, जुनी फिटनेसची कागदं, टॅक्सच्या पावत्या घेऊन गाडी जिथे नोंदलेली आहे त्या आरटीओत जा आणि आज तिची स्थिती काय ते लेखी विचारा. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. चौथा ब्लॉक वाचला तर ही सगळी यातायात वाचते, कारण नंबर तोच राहतो. मी त्याच्यासाठी एवढा आग्रह धरतोय त्याचं निम्मं कारण हे आहे.

मात्र नंबर तोच आहे ना, हेही बघून घ्या. आरसीवरचा नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर आजच ताडून पाहा. 1970 आणि 80 च्या दशकांत धंद्यातल्या गाड्या इंजिनासाठी थांबत नसत. एक उघडायला गेलं की दुसरं चढवत आणि कागदाचं नंतर बघू म्हणत. तुमच्या गाडीतला ब्लॉक मूळचा आहे, हे तुम्ही गृहीत धरलंय. खरं काय ते सांगू शकणारा माणूस तुमच्याच घरात बसलाय आणि तुम्ही नेमकं त्याच्यापासून लपवताय.

गुपिताबद्दल म्हणून बोलतो, घरच्या गोष्टीत नाक खुपसतोय असं वाटलं तर सोडून द्या. ज्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं घाटातून चालवली त्यांना ती कुठल्या नंबरच्या सिलिंडरवर खोकायची हे पाठ असणार. इंजिन कधी उघडलं होतं, क्रँक किती साइजवर घासलाय, ब्लॉक बदलला होता का, ऑइल दुधाळ व्हायच्या आधी गाडी तापली होती का, की रेडिएटरमध्ये बुडबुडे येत होते. ही शेवटची दोन उत्तरं मिळाली तर गॅस्केट की ब्लॉक, हे अर्धं तिथेच कळेल. बुडबुडे येत असतील तर मी गॅस्केटवर किंवा हेडवर पैज लावीन. तयार गाडी दारात पाहून त्यांना आनंद होईलच. पण फार्गो जन्मली कुर्ल्यात, वालचंद हिराचंदांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कारखान्यातून, क्रायस्लरच्या परवान्यावर. तिच्या इंजिनासाठी पुन्हा कुर्ल्याला जायचं असेल तर त्या माणसाला घरी ठेवून का जाता? दुकानदाराशी ते काय बोलतील ते ऐकायला मलाही आवडेल.

भावाचं म्हणणं मी तुमच्या दोघांवर सोडतो. त्याला एकच सांगा की ब्लॉकचे पैसे हा खर्चाचा लहान तुकडा आहे. लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँक घासणं, फ्युएल पंप आणि इंजेक्टरचं काम, हेड, मग इतकी वर्षं उभ्या गाडीचे ब्रेक आणि टायर. हा आकडा आधी कागदावर मांडून घ्या, दोघांनी बघा, मग भांडा. कुणी तरी टाटाचं 697 इंजिन बसवायलाही सुचवेल. सहा सिलिंडर, बोअर-स्ट्रोक 97 बाय 128 मिमी, आकाराने जवळपास तेवढंच, आणि सुटे भाग सहज मिळतात. पण माउंटिंग, गिअरबॉक्सची जोडणी आणि आरसी अशी तिन्ही कामं नव्याने मागे लागतील, आणि आवाज बाबांच्या गाडीचा येणार नाही. धंद्याला गाडी लावायची असती तर मी विरोध केला नसता.

माघाच्या मुदतीचं काय? चार-पाच महिन्यांत असं इंजिन बांधून, गाडी पासिंग करून डोंबिवलीच्या दारात आणणं मला अवघड दिसतं. घाई झाली की टेस्ट गाळली जाते, मग माझ्या लाल ब्लॉकसारखं होतं. दारात आणायचा हट्ट सोडलात तर जमेल. त्या दिवशी बाबांना पडघ्याला न्या. इंजिन गाडीत बसलेलं असेल तर आवारातल्या आवारात चालू करा. त्याला पासिंग लागत नाही. बसलेलं नसेल तर स्टँडवर चालू करा. तेही जमलं नाही तर धुतलेला ब्लॉक चेन पुलीवर टांगा आणि हातोडी त्यांच्या हातात द्या.

तेव्हा या रविवारी सिन्नरला नाही, पडघ्याला जा. मिस्त्रींना घेऊन हेड उतरवा. मुंडकं खाली आल्यावर गॅस्केट फेकू देऊ नका, जसंच्या तसं गुंडाळून ठेवा. कुठून पाणी शिरलं याचा काळा-पांढरा माग बहुतेक त्याच्यावर असतो. सिन्नरच्या मालकाला फोन करून महिनाभर थांबायला सांगा, थोडं टोकन द्यावं लागलं तरी द्या. चौथा ब्लॉक नापास झाला तर तोच आपला. रॉकेल आता सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानात विचारून बघा. न मिळालं तर डिझेल चालेल, फक्त मुरायला जास्त वेळ द्या. खडू मात्र पांढराच घ्या. रंगीत खडूवर ओली रेघ दिसत नाही.